ब्रेक डिस्क, दीड वर्षाचे ई-मेल आणि कलम 69

कोल्हापूरचे एक वाचक लिहितात : 11 नोव्हेंबर 2023 रोजी पुण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांच्या परफॉर्मन्स सेदानचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलले. बिल 1 लाख 32 हजार. फेब्रुवारी 2024 पासून वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. सेंटर म्हणते, झिजणारे पार्ट वॉरंटीत येत नाहीत, शिवाय तुम्ही गाडी दामटता. सप्टेंबर 2025 उजाडला तरी ई-मेल चालूच आहेत. ताजे उत्तर : 'वरिष्ठांकडे पाठवले आहे.' थांबावे की नोटीस द्यावी?

थांबू नका. वॉरंटीचा वाद आधी सोडा. तुमची खरी तक्रार सदोष सेवेची आहे. तिचा निकाल ठरवणारी गोष्ट म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 69 : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ई-मेलने, स्मरणपत्राने, वकिलाच्या नोटिशीनेही ही मुदत पुढे सरकत नाही. अशी पत्रे सतत येतात आणि प्रत्येकाला वाटते की बोलणी चालू आहेत म्हणजे मुदत थांबली आहे. जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले होते की, समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदत स्वतःहून तपासणे हे ग्राहक मंचाचे कर्तव्य आहे.

कारण घडले ते थरथर जाणवली तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत, असा युक्तिवाद करता येईल. पण त्याच्या भरवशावर राहू नका. 11 नोव्हेंबर 2023 हीच तारीख धरा आणि दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी तक्रार दाखल करा. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागते, आणि 'मेलला उत्तर येईल म्हणून थांबलो' हे माझ्या मते फार दुबळे कारण आहे.

तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन होते आणि या रकमेला फी नाही.

आता पुरावा. डिस्क अजून गाडीवरच आहेत, हे तुमचे नशीब. हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावरचा गंज साफ न करता नवी डिस्क बसवली, तर ती किंचित वाकडी फिरते. काही हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी कमीजास्त होते आणि मग थरथर सुरू होते. हे वाकडेपण डायल गेजने मोजता येते, पण डिस्क हबवर असतानाच. एकदा काढली की बसवण्यातली चूक दाखवणे अवघड. म्हणून स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून आधी मोजणी करून घ्या. सेंटरला तारीख लेखी कळवा, फोटो काढा, इंजिनिअरचे प्रतिज्ञापत्र घ्या. मगच डिस्क-पॅड बदला. कोर्टासाठी असे ब्रेक घेऊन घाटात फिरू नका. काढलेले पार्ट खूण करून, सीलबंद ठेवा. मागच्या वेळी जुने पार्ट तुम्ही सेंटरलाच सोडून आलात, तसे या वेळी मुळीच नको.

मोजणीत दोष बसवण्याचाच निघेल, याची खात्री मी देत नाही; तापलेल्या ब्रेकवर गाडी दामटल्यानेही अशीच थरथर येऊ शकते. जॉब कार्डवर तुम्ही 'काम समाधानकारक' खाली सही केली आहे. तेवढ्याने हक्क बुडेल असे वाटत नाही, पण त्याचा वापर होणार. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर 'व्यावसायिक हेतू'चा, म्हणजे तुम्ही कायद्याच्या अर्थाने ग्राहकच नाही असा, मुद्दाही निघेल. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलेलेच नाही.

कायदा म्हणतो, निकाल शक्यतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि याची लाज यंत्रणेला वाटायला हवी. म्हणून मागणी आटोपशीर ठेवा : बिलाची रक्कम, मोजणीचा खर्च, व्याज आणि तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे दहा लाख लिहू नका. नोटीस द्यायचीच असेल तर याच आठवड्यात द्या, पंधरा दिवसांची, आणि तिचे उत्तर येवो न येवो, तक्रारीचा मसुदा तोवर तयार ठेवा.