घरी तेलुगू, वर्गात गप्प: माझा अनुभव

ताई, घरी भडाभडा तेलुगू बोलणारी तुमची चौथीची मुलं वर्गात हाताची घडी घालून गप्प बसतात, हे वाचलं आणि मला माझा सोलापूरच्या पूर्व भागातला वर्गच दिसला. गटात बसवणं, चित्रकार्डं हे तुम्ही करतच असाल. माझी जी चूक सगळ्यात महागात पडली ती सांगते.

भागाकार चालू होता. निम्म्या वर्गाच्या आया विड्या वळतात, म्हणून विचारलं, पंचवीसचा एक कट्टा, तर हजार विड्यांचे कट्टे किती? कधीच न बोलणारी एक मुलगी उठली. "माझा आई चार कट्टा शंभर धरतो. शंभर दहा वेळा. चाळीस." वहीला हातही लावला नव्हता! आणि मी म्हटलं, "माझा आई नाही, माझी आई. धरतो नाही, धरते." वर्ग हसला. ती खाली बसली ती दिवाळीपर्यंत उठली नाही. तिची युक्ती फळ्यावर लिहायची सोडून मी व्याकरण सुधारत बसले. अजून टोचतं ते.

मार्गदर्शनासाठी एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले. "आधी प्रमाण मराठी पक्की करून घ्या" आणि उपक्रमाचे फोटो पाठवा, एवढंच मिळालं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं, मुलाला भीती वाटू नये, मत मोकळेपणानं मांडता यावं असंही म्हणतं. ते दाखवलं तर म्हणे वरून पत्र येऊ दे. संताप येतो हो.

मी काही भाषातज्ज्ञ नाही, पण माझं मत पक्कं आहे: मूल विचार करत असताना त्याची भाषा दुरुस्त करू नये. उत्तर तेलुगूत आलं तरी घ्या, शेजारच्याला मराठीत सांगू द्या. आणि "कसं काढलंस?" हे बरोबर उत्तरालाही विचारा. आपण फक्त चुकलेल्यालाच विचारतो, म्हणून तो प्रश्न आला की मुलं घाबरतात.

विडीचं गणित घेण्याआधी मात्र आयांशी बोला, काहींना संकोच वाटतो. तसं असेल तर घरची चादर मागवा. नक्षीचा एक कोपराच दिसेल अशी घडी घाला आणि उरलेली नक्षी कशी असेल ते विचारा. माझ्याकडे यावर अख्खा तास वाद चालला, अर्धा तेलुगूत.