आईला कायमचं शुश्रूषा केंद्रात ठेवायचं आहे. खर्च कसा भागवावा?

तुमच्या आई ७८ वर्षांच्या, अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेल्या. पुण्यातलं केंद्र महिना ४० हजार सांगतंय आणि तुमची भिस्त मेडिक्लेमवर आहे. तो भरवसा आधी सोडा. मेडिक्लेम रुग्णालयातल्या उपचारांसाठी असतो. अंघोळ घालणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, यासाठी विमा कंपनी पैसे देत नाही. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड जरूर काढून ठेवा; वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरच.

४० हजारांत काय काय येतं, ते लेखी मागा. माझ्या सासूबाई अशाच एका केंद्रात होत्या. ठरलेल्या रकमेखाली दर महिन्याला डायपर, हातमोजे, फिजिओथेरपी, नाकातली नळी बदलणं अशी वेगळी यादी यायची. अनामत किती, दरवर्षी वाढ किती, हेही विचारा.

आता पैशांचं. आईंचा पैसा आधी आईंवरच खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे. मुलांनी स्वतःचा पीएफ मोडायचा आणि आईचं घर मात्र 'पुढे बघू' म्हणून कुलूपबंद ठेवायचं, हे मला पटत नाही. घर भाड्याने द्या. त्यांच्या ठेवी असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिना साडेवीस हजार येतात. त्यात भाडं आणि पेन्शन धरा, उरलेला फरक भावंडांनी वाटून घ्या.

रिव्हर्स मॉर्गेज तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. त्यात घर तारण ठेवून बँक दरमहा रक्कम देते, पण कर्जदाराने त्याच घरात राहायला हवं. आई कायमच्या केंद्रात गेल्या की कर्ज फेडायची वेळ येते. वडील त्या घरात राहत असतील आणि सहकर्जदार असतील, तरच विचार करा.

सगळ्यात घाई कागदांची करा. आईंना आज समजतंय, तोवर बँक खातं संयुक्त करून घ्या. सही जमत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका; माणसाची समज गेली की ते कायद्याने संपतं आणि पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. तोवर त्यांचेच पैसे त्यांच्यासाठी काढता येत नाहीत.

आणि घराचं बक्षीसपत्र आत्ता कुणालाच करू देऊ नका, तुम्हालासुद्धा. भाऊ हात वर करत असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अर्ज करता येतो. मात्र त्या कायद्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १० हजार आहे, तेव्हा हिशेब तेवढाच धरून करा.