बाबा झोपतात ते आळसाने नव्हे

ताई, तुमचं सगळं लिहिलेलं वाचलं. बाबांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून रक्तस्राव झाला, त्यावर कॉइलिंग (तो फुगा आतून बारीक तारेने बंद करणं) होऊन ते निपाणीला घरी आल्याला पाच आठवडे झाले, दिवसभर झोपून असतात, आईवर खेकसतात. काका म्हणतात, ‘लाड पुरेत, शेताकडं घेऊन चला.’ आणि तुम्ही विचारताय, ते आधीसारखे कधी होणार?

आधी माझं सांगते. सात वर्षं झाली. मी ४६ वर्षांची होते, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथीच्या वर्गावर. फळ्यावर भागाकार मांडताना एका क्षणात डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं. जवळच्या दवाखान्यात ‘पित्त चढलंय’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मान वाकेना, उलट्या थांबेनात, तेव्हा ह्यांनी गाडी करून बेळगावला नेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. फुटलेला फुगा पहिल्या चोवीस तासांतच पुन्हा फुटायची भीती सर्वांत जास्त असते, आणि ते तास मी घरात कपाळाला बाम लावून काढले. म्हणून भेटेल त्याला सांगते, क्षणात टोकाला गेलेली, आयुष्यात कधी दुखलं नाही अशी डोकेदुखी पित्त म्हणून अंगावर काढू नका.

माझं डोकं उघडून फुग्याच्या तोंडाशी क्लिप लावली, म्हणजे क्लिपिंग केलं. तुमच्या बाबांना जांघेतून तार घालून फुग्यात प्लॅटिनमच्या कॉइल, म्हणजे तारेच्या बारीक गुंडाळ्या, भरल्या. ‘तारेचं काम कच्चं’ असं गावात कुणी म्हणत असेल तर मनावर घेऊ नका. दोन्ही उपचार चालण्यासारखे होते अशा रुग्णांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले कॉइलिंगमध्ये २३.७ टक्के होते, क्लिपिंगमध्ये ३०.६ टक्के. मात्र कॉइल कालांतराने दबू शकतात, म्हणून डॉक्टर पुन्हा अँजिओग्राफीची (रक्तवाहिन्यांच्या तपासणीची) तारीख देतील ती चुकवू नका.

आता झोपेचं. हा थकवा खरा असतो, ताई. घरी आल्यावर दोन महिन्यांनी मी हट्टाने बाजाराला गेले. कोथिंबीरवाली म्हणाली, ‘हदिनैदु.’ लहानपणापासून कानावर असलेली कानडी, पण पंधरा हा आकडा डोक्यात उमटेचना. पन्नासची नोट हातात धरून मी नुसती उभी. मागे टेम्पोचा हॉर्न, शेजारी कांद्याचा लिलाव, सगळे आवाज एकाच वेळी आत शिरत होते. शेवटी तिच्याच पोत्यावर बसले. ज्या बाईने वीस वर्षं पोरांना हिशेब शिकवला, तिला पस्तीस रुपये परत घेता येईनात. घरी येऊन चार तास झोपले आणि उठल्यावर ह्यांच्यावर ओरडले. पुढे कितीतरी महिने सकाळी कानडी बरी यायची, संध्याकाळी जीभ अडायची.

बाबांचं खेकसणंही बहुधा असंच असेल. टीव्ही, पाहुणे आणि जेवण एकाच वेळी नको. पाहुण्यांना दोघा-दोघांनी आणि थोडाच वेळ येऊ द्या. आंघोळीनंतर पडू द्या, मग जेवण. काकांना माझं नाव सांगून सांगा की दुखापत मेंदूला झाली आहे, वरून जखम दिसत नाही म्हणून ती भरली असं होत नाही. उदास वाटणं, रडू येणं हेही यात येतं. तेही डॉक्टरांना सांगायचं, त्यावर उपचार आहेत.

पण एक गोष्ट नीट बघा, ही सर्वांत महत्त्वाची. थकवा हळूहळू, पुढेमागे होत का होईना, कमी व्हायला हवा. झोप उलट वाढत चालली असेल, पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालत असतील, लघवीचं भान सुटत असेल, तर मेंदूत पाणी साठत असू शकतं. रक्तस्रावानंतर काही आठवड्यांनीही हे होतं. स्कॅन करून बघतात, लागलं तर शंट म्हणजे बारीक नळी घालून पाणी पोटात सोडतात. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या आजी शंटनंतर आठवड्याभरात चालू लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि फिट आली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा पुन्हा तसंच डोकं दुखलं, तर तारखेची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

बाबा तंबाखू किंवा विडी घेत असतील तर आता पूर्ण बंद. तंबाखूच्या निपाणीत हे सांगणं किती अवघड आहे ते कळतं मला, पण धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब ही या फुग्याची मोठी कारणं आहेत. घरात रक्ताच्या जवळच्या दोघांना हा आजार झालेला असेल तर बाकीच्यांच्या तपासणीचंही विचारा.

‘आधीसारखे कधी’ याला मी तारीख देऊ शकत नाही. मी वर्षाने शाळेत परत गेले, आधी अर्धाच दिवस. अजून दुपारी अर्धा तास पडल्याशिवाय माझं चालत नाही.

मंगळवारी दाखवायला जाताय ना? आज त्यांना अंगणात दहा पावलं चालवून मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना तोच आधी दाखवा. काय म्हणाले ते इथे लिहा, मी रात्री बघते.