नुसते बँक खाते उघडून दिल्याने गरिबाची बचत वाढते का?

आपण विचारले आहे की, जनधनसारख्या योजनेत खाते उघडून मिळाल्याने गरिबाची बचत खरोखर वाढते का आणि याविषयी अर्थशास्त्रातील संशोधन काय सांगते. कोकणातल्या हर्णै बंदरावरील एका महिला बचत गटाचे हिशेब मी लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मलाही पडत आला आहे. माझे उत्तर असे, की नुसत्या खात्याने फार थोड्यांची बचत वाढते.

युगांडा, मलावी आणि चिली येथे संशोधकांनी खाते नसलेल्यांना शुल्काचा भार न टाकता खाती उघडून दिली. दोन वर्षांत पाच किंवा अधिक वेळा पैसे भरणारे अनुक्रमे १७, १० आणि ३ टक्केच निघाले. जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीतही भारतातील ७८ टक्के प्रौढांकडे खाते होते, पण त्यांपैकी ३५ टक्क्यांनी वर्षभरात त्याला हात लावला नव्हता.

मला अधिक बोलका वाटतो तो पास्कलीन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांचा केनियातील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. तिथल्या खात्यावर व्याज नव्हते, उलट पैसे काढताना शुल्क पडे. तरीही बाजारात बसणाऱ्या बायकांनी ते वापरले आणि धंद्यातले भांडवल वाढवले. सायकलवरून प्रवासी नेणाऱ्या पुरुषांवर मात्र परिणाम आढळला नाही. पदरचे पैसे मोजून बचत कोण करील, हे कोडे आमच्या बंदरावरच्या बाईला पडणार नाही. घरातल्या पैशाला वाटा फुटतात. नवरा मागतो, दीर मागतो, आणि 'पैसे बँकेत आहेत' या उत्तराने कोणी दुखावत नाही.

हर्णैला मासळीचा लिलाव पुळणीवर संध्याकाळी रंगतो, तेव्हा बँकेची खिडकी मिटलेली असते. पतसंस्थेचा पिग्मी, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवीचा, एजंट मात्र पाटीपाशी येऊन पन्नास-शंभर रुपये घेऊन जातो. (ही पद्धतही याच किनाऱ्यावर, खाली उडुपीला, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये सुरू केली.) मुदतीआधी पिग्मी मोडली तर नुकसान होते, आणि आमच्या बायकांना नेमके तेच सोयीचे वाटते, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असताना घर त्यावर चालते.

खाते कोणाच्या ताब्यात आहे, यानेही फरक पडतो. मध्य प्रदेशातील एका प्रयोगात रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खाते वापरायलाही शिकवले, तेव्हा नुसते खाते मिळालेल्या बायकांच्या तुलनेत त्यांचे कामावर जाणे वाढले. तो वाचल्यापासून गटात नवी सभासद आली, की तिचे पासबुक कोणाच्या पेटीत असते, हे मी आधी विचारते.