हार्डली म्हणजे हार्ड नव्हे

प्रश्न असा आलाय की यंत्रमाग कारखान्यातल्या नोकरीच्या अर्जात भाच्याने "आय वर्क हार्डली" लिहिलं, मास्तर हसले, पण क्विकला ली लावून क्विकली होतं तर हार्डचं हार्डली का नाही चालत?

होतं की, पण अर्थ फिरतो ना राव. "आय वर्क हार्ड" म्हणजे मी राबतो आणि "आय हार्डली वर्क" म्हणजे मी फारसं काम करतच नाही, म्हणजे अर्जातच कबुली देऊन टाकली भाच्याने!

पूर्वी हार्डलीचा अर्थ खरंच जोर लावून, कठोरपणे असा होता, मग कष्टाने, मुश्किलीने असा झाला आणि तिथून घसरत जवळपास नाहीच इथवर आला. आपणही "लग्नाला मुश्किलीने पन्नास माणसं असतील" म्हणतोच की, तिथं कुणाला काही अवघड गेलेलं नसतं, माणसंच कमी आलेली असतात.

खरी गोची वेगळी आहे. मराठीत नकार क्रियापदाला चिकटतो, "तो फारसा बोलत नाही", त्यामुळे इंग्रजी करताना हात आपोआप "ही डझन्ट हार्डली टॉक" लिहितो. पण हार्डलीच्या पोटातच "नाही" बसलेलं आहे, दुसरं कशाला? म्हणूनच "आय हार्डली नो एनीवन इन सोलापूर" असं एनीवन येतं, समवन नाही, आणि "ही हार्डली कम्स, डझ ही?" अशी शेपटी लागते, नाहीवाल्या वाक्याला लागते तशीच.

आकडा आला की मात्र सरळ जेमतेम. "सात रस्ता चौक हार्डली दहा मिनिटांवर आहे" हे आपण मराठीतच बिनधास्त बोलतो आणि त्यात काही चूक नाही (दहाची पंचवीस मिनिटं होतात ती ट्रॅफिकची कृपा). हार्डली एव्हर म्हणजे क्वचितच. "इट इज रेनिंग हार्ड" म्हणजे धो धो, आणि "इट हार्डली रेन्स" म्हणजे आपलं सोलापूर, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी भाच्याचं भागेल.

अजून एक, परीक्षेत हमखास विचारतात ते. स्टेशनवर पोचतो न पोचतो तोच हुतात्मा एक्सप्रेस सुटली, याचं "हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द हुतात्मा लेफ्ट". हॅड आधी, आय नंतर. आणि पुढे व्हेन येतं, दॅन नाही, दॅन नो सूनरबरोबर.