फोंड्याच्या जुन्या घरात हॉलला टाइल तिरकी बसवायची आहे. सुरुवात कुठून करावी, माल किती जास्त घ्यावा?

सुरुवात मधून करा, भिंत धरून नको. चिऱ्यांच्या जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात आणि तिरक्या मांडणीत तो फरक कडेच्या त्रिकोणांत लगेच उठून दिसतो.

समोरासमोरच्या भिंतींचे मध्य जोडून दोन रेषा मारा, ३-४-५ फुटांनी काटकोन तपासा: छेदापासून एका रेषेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण केली की दोन खुणांमधलं अंतर ५ फूट यायला हवं. मग मध्यापासून चारही बाजूंना ४ फुटांवर खुणा करून त्या जोडा, की ४५ अंश मिळाले. आधी कोरड्याच मांडून बघा. कडेला बोटभर चिंधी उरत असेल तर अख्खी मांडणी सरकवा.

कापाकापीत बराच माल जातो, १५ टक्के जास्त घ्या, तोही एकाच बॅचचा. छोट्या खोलीत दोन फुटी टाइल तिरकी नकोच, नुसते तुकडे दिसतात. मेस्त (टाइल बसवणारा गवंडी) मजुरी थोडी जास्त मागेल. रास्त आहे, घासाघीस करू नका.