गोव्यात लोहखनिज रस्त्याने न नेता नदीतून का नेतात? बार्जमुळे नद्या खराब होत नाहीत का?

स्वस्त पडतं म्हणून. आता दुसरा प्रश्न. मी नऊ वर्षं बार्जवर खलाशी होतो आणि "मांडवी तुम्ही बार्जवाल्यांनी लाल केली" हे माझ्याच घरात, मेव्हण्याच्या तोंडून, हजारदा ऐकलंय.

पावसाळ्यात आग्वादला मांडवीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा धोक्याचा होतो. मग बार्जी सारमानसला भरून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत आणि तिथून मुरगाव बंदराला जायच्या. 2011 च्या जुलैत आमची बार्ज त्या कालव्यात ओहोटीला चिखलात बसली. पोटात दीड हजार टन माल, वर धो धो पाऊस. तांडेल, म्हणजे बार्जचा कप्तान, शिव्या घालत भरतीची वाट बघत बसला. विजेरी मारली की काठावर मगरीचे डोळे चमकायचे. रात्री पेज आणि खारातलं तोर, म्हणजे कैरी, खाल्लं. हात कितीदा धुतले तरी पेज तांबूस व्हायचीच. पहाटे बार्ज सुटली, आणि उशीर झाला म्हणून मालकाने आमचा भत्ता कापला. ओहोटीचा दंड खलाशांना!

आता हिशोब करा. दीड हजार टन म्हणजे दहा टनी टिपरच्या, म्हणजे खाणीच्या ट्रकच्या, दीडशे ट्रिपा. त्या फोंड्याच्या रस्त्याने मुरगावला गेल्या असत्या तर? मेव्हण्याचे दोन टिपर होते. पैसे ट्रिपमागे, म्हणून ड्रायव्हर सुसाट. आणि नदी लाल होते ती मुख्यतः डंपांमुळे. टनभर मालामागे दोन-तीन टन रिजेक्शन, म्हणजे टाकाऊ माती-दगड, निघतं, त्याचे डोंगर पावसात धुपून आधी शेतात आणि मग नदीत उतरतात.

2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद. मेव्हण्याचे टिपर दारात गंजले, आमची बार्ज जेटीला. तरी दोष बार्जचाच.

खाणीपासून जेटीपर्यंत माल टिपरच आणतो, हे त्याचं म्हणणं मात्र खरं. जेटीवर भरताना सांडतो तो नदीतच जातो. बार्जच्या लाटांनी खाजनांचे, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनींचे, बांध खचतात, ही शेतकऱ्यांची तक्रारही खोटी नाही.

डिचोलीत खाण परत सुरू झाल्यापासून मेव्हणा सेकंडहँड टिपर बघत फिरतोय. चवथीला आला की दीडशे ट्रिपांचं गणित परत काढणार आहे. गेल्या वर्षी काढलं तेव्हा त्याने विषय चवथीच्या नेवऱ्यांवर (करंज्यांवर) नेला होता.